रावणाच्या नाकातला गणिताचा पेपर

आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव सादर करावा लागतो आणि ज्याला पुरस्कार हवा त्यानंच तो करायचा असतो. हे कळेपर्यंत माझी कल्पना अशी की, हारून अल रशीद बगदादेत फिरायचा तसा शिक्षण खात्याचा कोणी अधिकारी रात्री घोंगडं पांघरून गावोगाव हिंडत असेल, शाळांच्या खिडक्यांतून डोकावत असेल आणि एखाद्या गुरुजींकडे बोट दाखवून ‘हा आदर्श’ म्हणत असेल. प्रत्यक्षात फाइल असते. तीत कात्रणं, झेरॉक्स, झाड लावतानाचा फोटो (झाडाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत), आणि राबवलेल्या नावीन्यपूर्ण उपक्रमांची यादी. आमच्या गुरुजींनी या यादीत काय लिहिलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. ‘विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका रात्रभर भिजत घातल्या व सकाळी उखळात कुटल्या’ हे खरं असलं तरी नोकरीच्या दृष्टीनं बरं दिसलं नसतं.

गुरुजी खोडाळ्याचे, पण मूळचे नव्हेत. मोखाडा तालुक्यात बदली म्हणजे शिक्षा, असं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात उघड बोललं जायचं. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. तोवर आम्ही ठाण्याचे, आणि ठाण्याला आमची आठवण कोणाला तरी शिक्षा करायची असली की यायची. शिक्षा झालेले बहुतेक जण वर्षभरात वशिला लावून खाली उतरत. गुरुजी राहिले. का राहिलात, असं विचारलं की म्हणायचे, “बदलीचा अर्ज टाकायला निघालो आणि पाऊस लागला. उघडला तेव्हा अर्ज कुठं ठेवला ते आठवेना.” आमच्याकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. तो इतका पडतो की वैतरणेचं पाणी धरणांत अडवून थेट मुंबईला पाजता येतं. आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो, ही गोष्ट वेगळी आणि तिच्यावर लिहायला बसलो तर हा निबंध ललित राहणार नाही.

दिवाळी झाली की अर्धे पाडे जगायला जायचे. भिवंडी, वसई, वाडा, जिथं वीटभट्टी नाहीतर बांधकाम असेल तिथं. आईबापांबरोबर पोरंही जगायला जायची. मग हजेरी घेताना गुरुजी नावामागून नाव वाचत सुटायचे आणि ‘हजर’ म्हणायला व्हरांड्यातला कोंबडा तेवढा असायचा. उरलेल्यांना पुढचं शिकवावं तर गेलेली मागे पडतात, न शिकवावं तर उरलेली गोट्या खेळतात. गुरुजींनी त्यावर तोडगा काढला तो स्नेहसंमेलनाचा. इतर शाळांचं स्नेहसंमेलन एका दिवसात उरकतं, आमचं महिनोन्‌महिने चालायचं. कार्यक्रम शिमग्याच्या सुमाराला, कारण सणाला लोक घरी येतात आणि पोरगं स्टेजवर दिसलं की बाप त्याला पुन्हा भट्टीवर न्यायच्या आधी जरा विचार करतो. हा हिशेब गुरुजींनी कोणाला सांगितला नव्हता. मला तो फार पुढे, स्वतःच्या मुलाचं नाव शाळेत घालताना उमगला.

आता आमच्या भागात स्टेजवर काही करायचं म्हणजे डोळ्यांपुढे बोहाडाच येतो. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर रात्रभर देवादैत्यांची सोंगं नाचतात, संबळ वाजत असतो, आधी गणपती येतो, सरस्वती येते, मग एकेक करून सगळं पुराण गल्लीतून चालत येतं. मुखवटे मोठे, वजनदार, आणि नुसते मुखवटे नव्हेत तर देव. त्यांची पूजा होते, सोंगाचा मान ठरलेल्या घराकडे असतो, नवस फेडायला माणसं सोंग घेतात. शाळेच्या कार्यक्रमाला ते मुखवटे मागायला एका वर्षी आम्ही पोरं निघालो, तेव्हा गुरुजींनी दारातच अडवलं. “देवाची सोंगं देवापाशी राहू द्या. शाळेची आपण करू.”

कशाची, हा प्रश्न होता. लाकूड कोरायचं तर सुतार हवा, सुताराला पैसे हवेत. शाळेत मुबलक अशी एकच वस्तू होती, जुन्या उत्तरपत्रिका. रद्दीवाला खोडाळ्यापर्यंत चढत नसे, त्यामुळे कपाटावर आमच्या अज्ञानाचे गठ्ठे साचले होते. गुरुजींनी ते उतरवले. आम्ही फाडफाड फाडले. आपला पेपर स्वतःच्या हातानं फाडण्यात जे सुख आहे ते पुढं मला कुठल्याच बक्षिसानं दिलं नाही.

लगद्याची कृती सांगतो, कारण तीवर माझं घर चालतं. कागदाचे नखाएवढे तुकडे करून रात्रभर भिजवायचे. सकाळी पिळून उखळात कुटायचे, पार लोण्यावाणी होईपर्यंत. त्यात चिंचोके भाजून, सोलून, दळून, शिजवून केलेली खळ घालायची आणि थोडी मेथीपूड, म्हणजे कीड लागत नाही. तिकडं मातीचा साचा करून त्याला राख फासायची, नाहीतर लगदा साच्याला धरून बसतो. मग बोटानं थापत जायचं. एक थर वाळला की दुसरा. घाई केली तर वरून वाळतो आणि आतून कुजतो. मेथीचा तो कडसर वास आमच्या वर्गाला इतका चिकटला होता की तपासणीला आलेल्या साहेबांनी मध्यान्ह भोजनात मेथी असते काय, अशी चौकशी केली. गुरुजी म्हणाले, “हो, कधीमधी.” खोटं ते फारसं बोलत नसत, पण बोलले तर लहान बोलत.

स्वतः गुरुजींना चित्र अजिबात येत नसे. फळ्यावर त्यांनी गाय काढली की खाली ‘गाय’ लिहावं लागे, आणि तरीही एखादा विचारे, “गुरुजी, शिंगं कुठली?” मुखवट्याचा चेहरा कसा असावा, भिवई कुठं वळावी, यावर ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी एकच सूचना दिली: “डोळ्यांची भोकं आधी कर. सोंगातल्या पोराला समोरचं दिसलं पाहिजे. तोंड मग कसंही होऊ दे.”

रावणाचं मधलं डोकं माझ्याकडे आलं. नाक मी ऐटदार केलं, पण सणाच्या घाईत तो लगदा नीट कुटला गेला नाही. परिणाम असा झाला की मुखवटा वाळल्यावर नाकाच्या आतल्या बाजूला लाल शाईतला एक आकडा चक्क वाचता येत होता. शंभरापैकी किती, ते इथं सांगत नाही. पेपर गणिताचा होता आणि अक्षर माझं होतं एवढं पुरे. मुखवटा चढवला की तो आकडा बरोबर रावणाच्या उजव्या डोळ्यासमोर येई. सोंग घेणाऱ्या माझ्या मित्रानं तो प्रयोगातच वाचला आणि सीताहरण होईपर्यंत लंकापती आतून खुदखुदत राहिला. गावाला ते राक्षसी हास्य वाटलं. टाळ्या पडल्या.

आज मी नाटकांसाठी मुखवटे आणि बाहुल्या करतो, आणि जे जे खरं परवडत नाही ते ते सगळं कागदाचं करून देतो. कलिंगडापासून कवटीपर्यंत. मुलाखतीला येणाऱ्यांना प्रेरणा कुठून मिळाली ते हवं असतं. ‘रद्दीतून’ म्हटलं की समोरचा वहीतून मान वर करून बघतो. त्याला गुरुजी हवे असतात, पण भाषणातले. सत्काराच्या व्यासपीठावर गुरू हा प्राणी फार उजळ होऊन येतो. त्याच्या डोळ्यांत तेज असतं, शिष्याच्या डोक्यावर हात ठेवून तो एखादं वाक्य बोलतो आणि शिष्याचं आयुष्य बदलतं. माझ्या बाबतीत बोललं गेलेलं वाक्य डोळ्यांच्या भोकांबद्दल होतं. आणि आयुष्य लगेच बदललं नाही; आधी वाळावं लागलं.

२०११ साली गुरुजींकडून पाकीट आलं. आत वर्तमानपत्राचं कात्रण. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री. कडेला निळ्या पेनानं लिहिलेलं: ‘आपल्या जिल्ह्यातला. याला कागद कोणी दिला ते शोध.’ निवृत्त झाल्यावरही गृहपाठ द्यायची खोड जात नाही माणसाची.

शोधलं. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. भास्कर कुलकर्णी हे मुंबईचे चित्रकार, विणकर सेवा केंद्रात नोकरीला. १९६६-६७ साली बिहारात दुष्काळ पडला तेव्हा हस्तकलांसाठी झटणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेकडे धाडलं होतं. तिथल्या बायका भिंतीवर जी चित्रं काढतात ती त्यांनी कागदावर काढली तर विकता येतील, चार पैसे हाती येतील, असा तो विचार. मधुबनीची चित्रं जगभर गेली त्याची सुरुवात तिथली. सत्तरचं दशक उजाडलं आणि हेच कुलकर्णी कागद घेऊन डहाणू तालुक्यात, वारली पाड्यांवर फिरू लागले.

इथं जरा थांबावंसं वाटतं. वारल्यांच्या पाड्यावर कागद घेऊन येणारा माणूस म्हणजे कोण, तर सावकार, जंगलखात्याचा शिपाई किंवा तलाठी. कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन जमिनी गेलेल्या. त्या माणसांसमोर शहरातला एक गृहस्थ उभा राहतो, कोरा कागद पुढं करतो आणि म्हणतो, यावर तुम्हाला हवं ते काढा. मी त्या जागी असतो तर घराच्या मागच्या दारानं रानात पळालो असतो. बायकांनी सुरुवातीला संकोच केला असं सांगतात, त्यात नवल नाही.

जिव्या मशे मात्र काढत बसले. जन्म १९३४चा. लहानपणी आई गेली तेव्हा पोराचं बोलणं बंद झालं, आणि जे सांगायचं ते मातीत रेघा ओढून सांगायचा, ही त्यांची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. वारल्यांत चित्र म्हणजे लग्नातला चौक, आणि तो काढायचा बायकांनी. हा माणूस लग्न नसताना काढायचा, मुहूर्त नसताना काढायचा, रोज काढायचा. गंजाडच्या पाड्यावर शेजाऱ्यांना त्याचं काय वाटत असेल याची मला थोडी कल्पना आहे. आमच्या आळीत भर उन्हाळ्यात रावणाचं नाक थापणाऱ्या पोराबद्दल जे वाटायचं तेच.

कुलकर्णींनी त्यांना काय शिकवलं? रेघ ओढायला? ती येत होतीच. माणूस दोन त्रिकोणांत बसवायला? ते त्यांच्या आजीच्या आजीलाही येत होतं. त्यांनी कागद दिला, हे कागदावर राहू शकतं आणि लांब जाऊ शकतं असं सांगितलं, आणि माझ्या मते सर्वांत अवघड काम केलं: चित्रात स्वतःचं काही घातलं नाही. जे. जे. कला महाविद्यालयातल्या एखाद्या उत्साही माणसाला सावली टाकून दाखवायचा मोह आवरला नसता. १९७५ साली मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये मशेंचं प्रदर्शन झालं, पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ला पॅरिसचं पाँपिदू केंद्र. २००३मध्ये जर्मनीत रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर प्रदर्शन झालं. लाँगसाहेबांची ख्याती अशी की ते गवतावर येरझारा घालतात, गवत दबून रेघ उमटते आणि ती रेघ हीच कलाकृती. खोडाळ्यात अशा कलाकृती प्रत्येक पाड्यावरून विहिरीकडे गेलेल्या आहेत. बहुतेक बायकांनी केलेल्या, डोक्यावर हंडा असताना.

आणि बायकांवरून आठवलं. गुरुजींच्या गृहपाठाला मी उत्तर पाठवलं, ‘भास्कर कुलकर्णी.’ उलट टपाली पोस्टकार्ड आलं, ‘अर्धे मार्क.’ मग खाली बारीक अक्षरात: ‘कागदाचं लिहिलंस. भिंत कोणी शिकवली?’

भिंत शिकवली होती सवाशिणींनी. लग्नाच्या आधी घराची भिंत शेणानं, गेरूनं सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं आणि चौक काढायचा. चौकात पालघट देवी. धवलेरी लग्न लावते, तिच्या गाण्यांशिवाय लग्न लागत नाही. ही धवलेरी म्हणजे त्या घरची, पाड्याची पुरोहितच, आणि पुरोहितबाई असूनही कुठल्या पोथीत तिचं नाव नाही. चित्र संपलं की त्याचं काम संपलं. पुढच्या पावसात भिंत धुपते, पुन्हा सारवली जाते. कुठं सही नाही. जिव्या मशे जे शिकले ते या बायकांच्या पाठीमागं उभं राहून, त्यांच्या खांद्यावरून बघत. पद्मश्रीच्या बातमीत त्यांतल्या एकीचंही नाव नव्हतं, असायला जागाही नव्हती. कुलकर्णींच्या कागदानं वारल्यांना नाव दिलं, पैसा दिला, आणि त्याच कागदानं भिंतीशी बसलेल्या बाईला काही काळ थोडं बाजूलाही सारलं. दोन्ही खरं आहे. आता पुष्कळ मुली कागदावर, कापडावर काढतात, विकतात. मला त्याचं बरं वाटतं. जिल्हाभरच्या शाळांच्या कुंपणभिंतींवर ठेकेदाराच्या पेंटरनं काढलेली वारली चित्रं बघून मात्र तितकंसं बरं वाटत नाही. एका भिंतीवर तारपा वाजवणाऱ्याच्या तोंडाला मी साधी पिपाणी पाहिली. तारप्याचा भोपळा दरपत्रकात बसला नसावा.

गुरुजींना हे सगळं कुठून सुचायचं, याचा एक धागा कोसबाडला जातो. नोकरीच्या सुरुवातीला ते कसल्याशा शिबिराला कोसबाडच्या टेकडीवर जाऊन आले होते. परतल्यावर वर्गातली त्यांची खुर्ची व्हरांड्यात गेली ती कायमची, आणि नंतर तिच्यावर कोंबडा बसू लागला.

कोसबाडची परंपराही काही कमी गमतीची नाही. गिजुभाई बधेका वकील होते. वकिली सोडून भावनगरला बालमंदिर काढलं आणि ‘मुछाळी मा’, मिशावाली आई, असं नाव मिळवलं. त्यांच्या नादी लागून ताराबाई मोडकांनी राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाचं प्राचार्यपद सोडलं. चांगल्या नोकऱ्या सोडायची ही साथ गुजरातेतून समुद्राकाठानं बोर्डीला पोचली. तिथं १९४५ साली अनुताई वाघ येऊन मिळाल्या. लहानपणी लग्न होऊन काही महिन्यांत वैधव्य आलेली, कष्टानं शिकून पुण्यात मास्तरकी करणारी पस्तिशीची बाई. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा ताराबाईंचा खटाटोप. अंगणवाडी तिथून आली, १९७५ला सरकारनं ती योजना म्हणून सुरू केली आणि पुढं ती देशभर पसरली. आमच्या पुष्कळ पाड्यांवर आज ती आहे. पुढं बोर्डीहून काम कोसबाडला आल्यावर बघितलं तर मोठी पोरं गुरांमागं. मग कुरणशाळा. गुरं चरताहेत, पोरं शिकताहेत, आणि शिक्षिका दोन्हींकडे लक्ष ठेवून. अनुताईंनी हे सगळं आयुष्यभर केलंच, पण त्या लिहित्या झाल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं पुस्तक गुरुजींच्या कपाटात होतं. कपाटावरच्या उत्तरपत्रिका आम्ही कुटल्या, कपाटातल्या या एका पुस्तकाला मात्र गुरुजींनी हात लावू दिला नाही.

माझ्या एका बालनाट्याच्या प्रयोगाला गुरुजी मुंबईला आले होते. पहाटेची एसटी, कसाऱ्याहून लोकल, धोतर कडक इस्त्रीचं. नाटकभर त्यांनी काय केलं ठाऊक नाही. शेजारच्या पोराला पुढं काय होणार ते सांगत होते अशी तक्रार माझ्या कानावर आली. प्रयोग संपल्यावर आत आले. मी वाघाचा मुखवटा हातात दिला, नवा कोरा, पट्ट्यांवर तीन दिवस घालवलेले. त्यांनी तो उलटा केला. पट्टे बघितलेच नाहीत. आत बोट फिरवलं, डोळ्यांच्या भोकांना डोळा लावून मला पाहिलं, म्हणाले, “अस्तर लावतोस. बरं केलंस. पोरांना घाम येतो.” मग नाकाच्या आत बघत विचारलं, “हे पेपर कुणाचे?”

“कागद विकत घेतो, गुरुजी.”

“विकत?” त्यांनी मुखवटा टेबलावर ठेवला. जरा जपूनच ठेवला, पण माझ्याकडे बघण्याची नजर तपासणीच्या साहेबांची होती.

हल्ली ते खोडाळ्यातच असतात. वय झालंय. थंडीत शाळेत जाऊन बसतात, पोरांकडून सोंगं करून घेतात, नव्या बाई त्यांना बसू देतात. परवा फोन आला. आमच्याकडे रेंज मिळते ती ठरावीक जागी, त्यामुळे बोलताना पाठीमागून एसटीचा हॉर्न आणि चहावाल्याचा आवाज. चिंचोके कुटायला आता कोणाकडे वेळ नाही, फेव्हिकॉल आण म्हणाले, पाच किलोचा डबा. गुरुजी, पंधरा किलोचा आणतो, माझ्याकडे घाऊक भावात येतो, मी म्हटलं. थोडा वेळ हिशेब झाला असावा.

“पंधराचा आण. पण बिल घे. आणि बिल माझ्या नावानं नको, शाळेच्या नावानं. बाईंना रजिस्टरला लावावं लागतं.”